घोड्यासोबतची पायी वाटचाल (शिरूर व दौंड तालुके, जि. पुणे)

घोड्यावर स्वार न होता त्याच्या खांद्याशी राहून, त्याच्या चालीला आपली चाल जुळवत मोकळ्या रानातून चालण्याची रीत. श्वास, पाऊल आणि भोवताल यांकडे सतत लक्ष ठेवून केलेली ही सजग पदयात्रा पाश्चात्त्य देशांत मनःस्वास्थ्याचा उपक्रम म्हणून अलीकडे रूढ होत आहे. भीमेच्या खोऱ्यात मात्र ती मेंढपाळ धनगरांच्या स्थलांतराचा जुना आणि रोजचा भाग असून तिचे खरे मोल तेथेच पाहावे लागते.

प्रदेश : भीमा नदी काही अंतरापर्यंत शिरूर व दौंड या दोन तालुक्यांची सीमा आहे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात, त्यामुळे पाऊस बेताचा पडतो आणि गवताळ माळ हेच येथील मूळ निसर्गरूप आहे.

घोडा : या वाटचालीतील जनावर म्हणजे भीमथडी किंवा दख्खनी घोडा. थडी म्हणजे नदीकाठ. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग ज्यात मोडत असे, त्या एकोणिसाव्या शतकातील तालुक्याचे नावही भीमथडी असेच होते. जेम्स ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात भीमाकाठच्या घोड्यांची वाखाणणी केली असून मध्यम उंची, मजबूत बांधा, गडद तांबूस रंग आणि काळे पाय ही त्यांची लक्षणे नोंदवली आहेत. अरबी व तुर्की रक्ताचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन ही जात घडली, असे परंपरेने मानले जाते. मराठा फौजेच्या हालचालींत या काटक घोड्यांचा मोठा वाटा होता. फौजा गेल्या, पागा मोडल्या, तरी ही जात टिकली ती प्रामुख्याने धनगरांच्या फिरत्या समूहांत, आणि हे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेलेले नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 2023-24 च्या सुमारास भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातील नोंदणीकृत अश्वजातींमध्ये ती आठवी ठरली.

वाटचालीची रीत : पावसाळा सरल्यावर, साधारणतः दिवाळीनंतर, मेंढपाळ कुटुंबे एकत्र येऊन पश्चिमेकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात; अशा फिरत्या समूहाला वाडा म्हणतात. पुरुष मेंढरे घेऊन चराईच्या वाटेने जातात, तर बिऱ्हाड घोड्यांवर लादून ते पुढच्या तळावर नेण्याचे काम बहुतेक स्त्रियांकडे असते. अंथरूण-पांघरूण, भांडी आणि धान्य यांच्यावर नुकती जन्मलेली कोकरे, कोंबड्या आणि कधी तान्ही मुलेही बसवलेली असतात, म्हणून चाल संथ ठेवावी लागते आणि चालणारीचे लक्ष एका क्षणासाठीही ढळून चालत नाही. घोड्याला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे दिसते, परंतु कपाळासमोरचा अगदी जवळचा आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. त्यामुळे त्याच्या खांद्यालगत राहणे माणसाला सुरक्षित आणि जनावराला आश्वासक असते. कान कोठे वळले, मान का ताठली, पाऊल का अडखळले यावरून ओझे सरकल्याची किंवा लांडगा, कुत्रे जवळ असल्याची चाहूल लागते. उपक्रम म्हणून जी सजगता मुद्दाम शिकवली जाते, ती येथे पोटापाण्याच्या कामातून अंगी येते. तळावर पोहोचल्यावर ओझे उतरवून घोड्यांना पायबंद घालून चरायला सोडतात. मेंढरे रात्री शेतात बसवली जातात आणि त्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगर समाजाचा सखोल अभ्यास केला, परंतु त्यांचा भर बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या दैवतांवर होता; घोडा आणि त्याच्यासोबत चालणारी स्त्री यांचा तितक्या बारकाईने अभ्यास होणे आवश्यक आहे.

वारी : देहूहून पंढरपूरला जाणारी संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथे मुक्काम करते. या पायी वारीतही पालखीसोबत अश्व चालतात आणि पुढे इंदापूर तालुक्यात बेलवडी येथे त्यांच्या वर्तुळाकार धावेचे रिंगण होते.

सद्यःस्थिती : कालव्यांमुळे वाढलेला ऊस आणि रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती यांमुळे चराईचे माळ आणि जुन्या वाटा आक्रसल्या आहेत आणि अनेक वाड्यांचे बिऱ्हाड आता टेम्पोतून जाते.

पर्यटन : या वाटचालीचे संघटित पर्यटन येथे रुजलेले नाही.