पावती कुणाच्या नावावर? उपनगरातल्या वेबसाइट्सची गोष्ट

ज्यांचा इअरफोन लोकलमध्ये दगा देतो किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी इथे घातल्यात.

गेले काही आठवडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. मुलुंडला क्लासेस आहेत, घाटकोपरला इमिटेशन ज्वेलरी आहे, घरून केकच्या ऑर्डर घेतो... वेबसाइट काढायचीय, होस्टिंग कुठलं घेऊ? मी कुठल्याही कंपनीची शिफारस करणार नाही. (आपल्याला कुणी स्पॉन्सर करत नाही, हे दुःख वेगळं.) पण हा प्रश्न आपल्या उपनगरांत जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा बराचसा इतिहास जुहू ते अंधेरीच्या दरम्यान घडलाय. तो सांगते. आधी मामीच्या चकल्या.

माझी मामी बोरिवली पश्चिमेला राहते, दिवाळीचा फराळ करून विकते. 2014 मध्ये ओळखीच्या एका मुलाने तिला वेबसाइट करून दिली. नाव, जागा, ईमेल, सगळं मिळून सहा हजार. परदेशातले लोक तिथून ऑर्डर द्यायचे, कारण पार्सल वेळेत पोचायचं तर दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी बोरिवलीतून निघावं लागतं. 2018 मध्ये घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडेना. ईमेलही बंद. मुलाचा फोन बंद, तो कॅनडाला गेलेला. मी तेव्हा कॉलेजात होते, घरातली "कम्प्युटरवाली" म्हणून मला बोलावणं आलं.

मी डोमेन, सर्व्हर, डीएनएस असं काहीबाही समजावत होते. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अगं, पावती कुणाच्या नावावर आहे?"

मामाचं बालपण गिरगावातल्या पागडीच्या खोलीत गेलंय. त्याला डोमेन कळत नव्हतं, पण पावती कळत होती. आणि पावती त्या मुलाच्याच नावावर होती. मुदत सप्टेंबरातच संपलेली, आठवणीचे मेल त्याच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर गेलेले, जो त्याने कधीच उघडला नाही.

इथे दोन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी. होस्टिंग म्हणजे गाळा, जिथे माल ठेवलाय. पाटी वर्षाच्या भाड्यावर मिळते, गाळाही. दोन्ही एकाच माणसाकडून घेतले तर सोय होते, आणि तो माणूस गायब झाला तर दोन्ही एकदम जातात.

आता मागे जाऊ. ही पाटी त्या मुलाच्या नावावर का होती? तो लबाड होता म्हणून नाही. हा धंदा आपल्याकडे उभाच तसा राहिला.

भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमने केलं. पण त्याआधी जुहूला एक सरकारी संस्था होती, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. 1986 मध्ये सुरू झालेल्या ईआरनेट या शैक्षणिक नेटवर्कमध्ये ही संस्था, पाच आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी असे भिडू होते, आणि त्या काळी जुहू आणि पवई यांच्यात फोनच्या तारेवरून ईमेल जायचे. 8 मे 1989 ला 'डॉट इन' ही भारताची ओळख नोंदली गेली आणि तिची वही या जुहूच्या संस्थेकडे आली. म्हणजे देशाच्या पाट्यांचं रजिस्टर पश्चिम उपनगरात होतं! जुहूला जाऊन आपण पाणीपुरी खातो, हे कुणी सांगत नाही.

पण ते रजिस्टर छोट्या दुकानदाराच्या कामाचं नव्हतं. कागदपत्रं द्या, कंपनी असल्याचं दाखवा, मग डॉट को डॉट इन मिळेल. नियम इतके आवळलेले की 2005 च्या सुरुवातीपर्यंत सगळ्या देशात मिळून जेमतेम 7,000 नावं नोंदली गेली होती. एका मोठ्या स्टेशनच्या आजूबाजूला याहून जास्त दुकानं सापडतील.

मग लोक डॉट कॉमकडे जायचे. तिथे अडचण डॉलरची. 1995 पासून अमेरिकेतली नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी डॉट कॉमसाठी दोन वर्षांचे 100 डॉलर घ्यायची, आणि तिला पर्याय 1999 पर्यंत नव्हता. तेव्हाच्या भावाने साडेतीन-चार हजार रुपये. पैसे असले तरी द्यायचे कसे? परकीय चलनाचे नियम कडक, आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड किराणा दुकानदाराकडे कुठून असणार? शिवाय सुरुवातीच्या डायल-अपचा वेग 9.6 केबीपीएस. आज व्हॉट्सॲपवर आलेला 3 एमबीचा फोटो त्या वेगाने उतरायला चाळीस मिनिटं लागतील. अशा वेळी तुम्ही काय करता? ज्याच्याकडे कार्ड आहे, मोडेम आहे, थोडी इंग्रजी आहे, अशा माणसाला गाठता आणि म्हणता, बाबा, तूच कर. तो स्वतःच्या नावाने घेतो, तुम्ही त्याला रोख देता.

या गरजेतून अंधेरीत एक मोठा धंदा उभा राहिला. 1998 मध्ये भाविन आणि दिव्यांक तुराखिया या दोन भावांनी डायरेक्टाय नावाची कंपनी काढली. एक 18 वर्षांचा, दुसरा 16. भांडवल वडिलांकडून घेतलेले 25,000 रुपये. पुढे त्यांचं ऑफिस अंधेरी पूर्वेला नागरदास रोडवर आलं, सबवेच्या अगदी शेजारी. तोच सबवे, जो दर पावसाळ्यात बातम्यांत भरलेला दिसतो. त्यांनी ओळखलं की एकेका दुकानदाराला विकत बसण्यापेक्षा घाऊक बाजार मांडावा. रीसेलरक्लब हे त्यांचं दुकान म्हणजे होस्टिंगचं क्रॉफर्ड मार्केट. कुणीही यावं, घाऊक भावात नावं आणि जागा घ्यावी, आपल्या नावाने किरकोळ विकावी. मामीचा तो मुलगा अशाच साखळीतली शेवटची कडी होता.

मला ही साखळी वाईट वाटत नाही, उलट तिचं कौतुक आहे. रुपयांत पैसे घेणारा, चेक चालवून घेणारा, फोनवर मराठी-गुजरातीत बोलणारा माणूस तिच्यामुळे गल्लोगल्ली मिळाला. नाहीतर भांडुपच्या वर्कशॉपवाल्याची वेबसाइट कधी झालीच नसती. फक्त पावती मधल्या माणसाच्या नावावर राहायची सवय इथेच लागली, आणि कार्ड, यूपीआय सगळं आलं तरी ती गेली नाही.

2005 च्या जानेवारीत डॉट इनचे नियम सैल झाले, कुणालाही थेट नाव घेता येऊ लागलं. आणि त्याच वर्षी 26 जुलै आला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसाल, घरी विचारा. त्या पुरात मुंबईतले डॉट इनचे डीएनएस सर्व्हरही बंद पडले आणि ती व्यवस्था नव्याने मांडावी लागली. इंटरनेट हवेत असतं असं वाटतं ना? ते कुठल्यातरी इमारतीत असतं आणि त्या इमारतीत पाणी शिरू शकतं.

जागेचा मुद्दा अजून एकदा कळला, 30 जानेवारी 2008 ला. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारताची बाहेर जाणारी क्षमता जवळपास निम्म्यावर आली. गिऱ्हाईक मालाडचं, दुकान कांदिवलीचं, पण वेबसाइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर, म्हणून इजिप्तच्या समुद्रात बिघाड झाला की रखडणार. तेव्हा स्वस्त होस्टिंग बहुतेक अमेरिकेतलंच असायचं. आज परिस्थिती उलटी आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर देशातल्या महत्त्वाच्या केबल येऊन लागतात, चांदिवलीत एनटीटीची मोठी डेटा सेंटर्स आहेत, ॲमेझॉनने जून 2016 मध्ये मुंबईत आपला क्लाउड सुरू केला. त्यामुळे गिऱ्हाईक इथलं असेल तर सर्व्हर मुंबईत आहे का, एवढं विचाराच. मामीचं गिऱ्हाईक न्यू जर्सीत, तिला तो प्रश्न लागू नव्हता.

आणि फुकट? हा तुमचा लाडका प्रश्न. जिओसिटीज नावाची एक प्रचंड फुकट वसाहत होती, याहूने 1999 मध्ये विकत घेतली आणि 2009 मध्ये बंद केली. ते जाऊ दे, जुनं झालं. 2017 मध्ये गूगलने छोट्या व्यवसायांना फुकट एका पानाची वेबसाइट द्यायला सुरुवात केली. भारतात खूप गाजावाजा झाला. सलूनवाले, क्लासवाले, डबेवाल्या काकू, सगळ्यांनी काढल्या, व्हिजिटिंग कार्डवर पत्ते छापले. मार्च 2024 मध्ये गूगलने ती सेवा बंद केली. जूनपर्यंत जुना पत्ता निदान मॅपवरच्या प्रोफाइलकडे वळायचा, मग तेही थांबलं. छापलेली कार्डं राहिली.

पैसे भरले म्हणजे सुटलो, असंही नाही. नेट फोर इंडिया ही नावं विकणारी देशातली एक जुनी कंपनी. 2019 मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पैसे भरलेल्या ग्राहकांची नावं रिन्यू होईनात, दुसरीकडे हलवताही येईनात. तक्रारी आयकॅनपर्यंत, म्हणजे जगभरची ही व्यवस्था बघणाऱ्या संस्थेपर्यंत गेल्या. 2021 मध्ये आयकॅनने कंपनीची मान्यता काढली आणि तिच्याकडची नावं पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे सोपवली. ही रजिस्ट्री मूळची कुणाची? अंधेरीच्या त्याच डायरेक्टायची.

मूळची म्हणते, कारण तोवर ती त्यांची राहिली नव्हती. 2014 मध्ये तुराखिया बंधूंनी रीसेलरक्लब, बिगरॉक वगैरे सगळा होस्टिंगचा धंदा एन्ड्युरन्स या अमेरिकन कंपनीला विकला, दहा कोटी डॉलरहून जास्त किमतीला. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटरही एन्ड्युरन्सचेच. 2021 मध्ये एन्ड्युरन्सचा हा व्यवसाय वेब डॉट कॉममध्ये मिसळला आणि न्यूफोल्ड डिजिटल झाला. वेब डॉट कॉमच्या पोटात आधीपासून कोण होतं? नेटवर्क सोल्युशन्स. दोन वर्षांचे 100 डॉलर घेणारी तीच! म्हणजे तुम्ही रात्री दोन वाजता तीन-चार टॅब उघडून दर ताडून बघता तेव्हा बऱ्याचदा एकाच मालकाची दुकानं बघत असता.

मग मी स्वतः निवडताना काय बघते? पहिल्या वर्षाचा 99 रुपयांचा भाव मी वाचतच नाही, दुसऱ्या वर्षाचा वाचते. 99.9 टक्के चालू राहण्याची हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा, हे लक्षात ठेवते. शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतला सामायिक नळ. शेजाऱ्याने पिंप भरायला घेतलं की आपली धार बारीक. पण दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं येणाऱ्या दुकानाला तो नळ पुरतो, उगाच महागडा सर्व्हर घेऊ नका. बॅकअप स्वतःच्या पेनड्राइव्हवर आणि पाटी गाळ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी. खातं उघडताना ईमेल त्याच वेबसाइटचा द्यायचा नाही. मामीचा पासवर्ड बदलायचा मेल नेमका तिच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात होता, म्हणून हे सांगते.

काम दुसऱ्याकडून करून घ्यायला हरकत नाही. फक्त खातं तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या कार्डाने. तो नाराज झाला तर होऊ दे.

मामीचं पुढे काय झालं, हे ऐकणाऱ्यांनी कमेंटमध्ये विचारलंय. मुलाची आई देवळात भेटली, तिच्याकडून त्याचा कॅनडाचा नंबर मिळाला. बिचारा वरमला. मुदत संपून महिना उलटलेला, त्यामुळे नाव परत मिळवायचा वेगळा दंड होता, सात हजारांच्या वर गेला. वेबसाइट सुरू झाली तोवर पार्सल पाठवायचे दिवस संपले होते. त्या वर्षी परदेशातली एकही ऑर्डर गेली नाही, भाजणी बिल्डिंगमध्ये वाटली. मग ट्रान्सफर कोड मागवून नाव मामीच्या खात्यात आणलं, एकदम पाच वर्षांचे पैसे भरले आणि त्याची प्रिंट काढून दिली. मामाने ती प्रिंट कपाटात लाइट बिलांच्या फायलीत लावली. दर गुढीपाडव्याला तो फाइल काढून तारीख बघतो आणि मला फोन करतो.