शिवथरची घळ आणि धुळ्याची बाडे

महाडहून बिरवाडीमार्गे वरंध घाटाकडे जाणाऱ्या वाटेच्या आत, पूर्वी जावळीकर मोऱ्यांच्या अमलाखाली असलेल्या शिवथरच्या खोऱ्यात, आज यात्रेकरूंनी गजबजलेली जी घळ आहे, ती धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाच्या जुन्या कागदांतील निर्देशांचा माग काढीत १९३० साली हुडकून काढली. आणि समर्थ रामदासांनी दासबोध येथेच सांगितला व शिष्य कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, या परंपरागत श्रद्धेस त्यामुळे पुन्हा एक ठिकाण लाभले. त्या शोधाचे कौतुक पुष्कळ झाले. ज्या कागदांनी वाट दाखविली त्यांच्या संग्रहाचे मात्र त्या मानाने फारच थोडे झाले.

१८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापणाऱ्या देवांनी मठोमठी हिंडून बाडे आणि पोथ्या गोळा केल्या, डोमगावच्या मठातील कल्याणांच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापला, आणि पुढे हा ठेवा श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात नांदू लागला. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत त्यातच आहे.

मौज अशी की, अशा संग्रहाचा कायदा दासबोधातच, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात, लिहून ठेवलेला आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, तारुण्याच्या भरात ते इतके बारीक काढू नये की म्हातारपणी वाचवणार नाही, बरू देशोदेशीचे आणावेत, शाईचा साठा करावा, पोथ्यांना बासने व मेणकापडे असावीत आणि त्या पेट्यांत कुलूपबंद ठेवाव्यात: आजच्या विद्यापीठांतील दुर्मीळ ग्रंथांच्या दालनांना लाजविणारा हा तपशील आहे. त्यातही, कागद झडला तरी अक्षरास धक्का लागू नये म्हणून भोवती कोरी जागा सोडावी, ही सूचना मला विशेष बोलकी वाटते. शिवथरच्या घळीत असतात तसे चार महिने धो धो पाऊस, धबधब्याचे तुषार आणि भिंतींतून पाझरणारे पाणी यांच्या सान्निध्यात ज्याने कागद हाताळले, त्याला पानाच्या कडा आधी जातात हे कोणी सांगावे लागत नाही. तो समास याच घळीत रचला गेला असा पुरावा नाही, परंतु ही जाण कोरड्या मुलुखात सहसा येत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

देवांच्या बाडांना खानदेशची कोरडी हवा लाभली, ती काही योजनापूर्वक नव्हे, देव धुळ्याचे होते म्हणून. पण पोथ्यांच्या दृष्टीने ते उत्तमच झाले.