ग्वाल्हेरची हौशी बैठक: दरबारापासून टाळेबंदीपर्यंत

ग्वाल्हेरच्या गाण्याचा इतिहास बहुधा दरबारी गवयांच्या नावांनी सांगितला जातो. ते गाणे रोजच्या वापरात ठेवणारा दुसरा एक वर्ग मात्र हौशी लोकांचा होता. दिवसभर कचेरी, शाळा किंवा दुकान सांभाळून संध्याकाळी तंबोरा जुळवणारे हे लोक. त्यात मराठी माणसे बरीच होती आणि त्याचे कारण शहराच्या जडणघडणीत आहे. १८१० मध्ये मराठा सत्ताधीश दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेचा तळ टाकला. हा तळ पुढे उठलाच नाही. त्याचेच शहर झाले आणि नावही 'लष्कर' हेच राहिले. फौजेबरोबर सरदार आले, त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, वैद्य आणि कीर्तनकार आले. फालका बाजार, शिंदे की छावनी, ढोलीबुवा का पुल ही वस्त्यांची नावे आजही हिंदी प्रत्यय लावून मराठी आडनावे आणि मराठी मठ सांगतात.

गाणे या शहरात मराठ्यांच्या आधीपासून होते. राजा मानसिंह तोमराच्या काळात (१४८६ ते १५१६) इथे ध्रुपदाला राजाश्रय मिळाला, तर एकोणिसाव्या शतकात शिंद्यांच्या पदरी ख्यालगायकी वाढली. नत्थन पीरबक्ष आणि त्यांच्या घरातले हस्सू खाँ, हद्दू खाँ, नत्थू खाँ ही या घराण्याच्या आरंभीची नावे. हस्सू-हद्दू यांच्याबद्दलची आख्यायिका गवयांच्या घरांत अजून सांगतात. बडे महंमद खाँ आपली तानेची गायकी कुणाला देईनात, म्हणून या दोघांना पडद्याआड बसवून त्यांचे गाणे ऐकण्याची सोय करण्यात आली आणि काही महिन्यांनी त्यांनी ती गायकी दरबारात गाऊन दाखवली. आख्यायिकेतला मीठमसाला वगळला, तरी समोर न बसता, केवळ कानाने विद्या मिळवता येते असे या घराण्याने स्वतःबद्दल सांगावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे ही विद्या मराठी घरांत आली. वासुदेवबुवा जोशी हस्सू-हद्दूंच्या परंपरेत शिकले. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ती दक्षिणेत नेली आणि मिरजेत त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. खुद्द लष्करात गवई शंकरराव पंडितांचे घर हे तालमीचे ठिकाण झाले. दरबारी गवई निसार हुसेन खाँ दरबारातून बाहेर पडल्यावर याच ब्राह्मण कुटुंबात राहिले, घरच्या रीतीभातींशी इतके मिसळले की थट्टेने त्यांना 'निसार भट' म्हणू लागले. उस्ताद आणि शिष्य एका छपराखाली राहिल्याने तालमीला वेळापत्रक उरले नाही.

या तालमीची रीत पुढच्या साऱ्या हकिगतीसाठी महत्त्वाची आहे. गुरू एक फिरत घेतो आणि थांबतो. शिष्य ती परत घेतो, चुकला तर गुरू पुन्हा म्हणतो. दोघे एकत्र गातात ते क्वचित. आळीपाळीने चालणारी ही देवघेव आहे आणि तिला दोन माणसे पुरतात. बैठकीचे तसे नाही. तबलजी, पेटीवाला, तंबोऱ्यावरचे शिष्य आणि दाद देणारे पाच-पंचवीस श्रोते एकाच क्षणी एका खोलीत असावे लागतात. ग्वाल्हेरची गायकी तर लयीशी सतत खेळणारी, बोलतानांत आणि बोलबांटीत रमणारी. तिला ठेका पाठीशी आहे एवढे पुरत नाही, तो अंगावर घ्यावा लागतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घरची तालीम शाळेत आली. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित (१८९३–१९८९) यांनी १९१४ मध्ये विद्यालय काढले. १९१७ मध्ये वडील वारल्यावर त्याला त्यांचे नाव दिले, तेच शंकर गांधर्व विद्यालय. दुसरीकडे संस्थानाचे महाराज माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचे काही गवई मुंबईला विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे स्वरलेखन शिकायला पाठवले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. हे लोक परतल्यावर जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंड्यांची क्रमिक पुस्तके मुळात मराठीतच निघाली, त्यामुळे लष्करातल्या कारकुनाला किंवा त्याच्या मुलीला बंदिशीचे स्वर मातृभाषेतल्या खुणांसह घरी वाचता येऊ लागले. जुन्या गवयांना हे फारसे रुचले नाही. कागदावरचा गंधार गळ्यातल्या गंधारासारखा नसतो, हा त्यांचा आक्षेप खराच होता. पण हौशी विद्यार्थ्याला कागदाने काय दिले, हे त्यांना कमी दिसले: दोन तालमींच्या मधल्या दिवसांचा आधार. गुरूपासून दूर राहून शिकण्याचे ते पहिले साधन होते.

विद्यालय उघडले त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली. तिने हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे नेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. नभोवाणी तेव्हा देशात आलेली नव्हती. ग्रामोफोन होता, पण तो ऐकवत असे, शिकवत नसे. अशा साथीत घराबाहेर न पडणाऱ्या शिकाऊ माणसापाशी वही, तंबोरा आणि आठवण यांपलीकडे काही असणे शक्य नव्हते.

संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि दरबारी आश्रय संपला. हौशी मंडळींचे महत्त्व त्यानंतर वाढले, कारण आता श्रोता, शिष्य आणि वर्गणीदार तेच होते. गाण्याच्या जोडीला नाटक होते. स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आलेली आर्टिस्ट कंबाइन ही हौशी संस्था आणि तिचे दाल बाजारातले नाट्यमंदिर यांनी मराठी आणि हिंदी दोन्ही प्रयोगांना रंगमंच दिला. साहित्याची हौसही कमी नव्हती. भा. रा. तांबे इथलेच राजकवी. मराठी साहित्य संमेलन इथे दोनदा भरले: १९२८ मध्ये माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली, तर १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या, आणि अध्यक्षपदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. महाराष्ट्रापासून इतक्या लांबच्या गावी भाषा टिकते ती अशा निमित्तांवर: गणेशोत्सवातले कार्यक्रम, भजनी मंडळ, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, गुरुपौर्णिमेचे गाणे. ही निमित्ते बंद पडली, तर एकमेकांना भेटायला दुसरे कारण फारसे नसते.

२०२० मध्ये नेमके हेच झाले. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हा गुढीपाडव्याचा दिवस होता. चैत्रगौरीचा सारा महिना बंद दारांआड गेला. ५ जुलैची गुरुपौर्णिमा आणि २२ ऑगस्टचा गणेशोत्सव निर्बंधांतच आला. गाण्याच्या खासगी वर्गांना तर दुहेरी अडचण होती. छोट्या खोलीत मोठ्याने गाणे हे श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात विशेष धोक्याचे मानले गेले.

देशभरातल्या गानवर्गांप्रमाणे इथल्या वर्गांपुढेही मोबाइल हाच मार्ग होता. परदेशातल्या मराठी घरांना अशी शिकवणी नवी नव्हती, स्काइपवरून पुण्या-मुंबईच्या गुरूंची तालीम ती कधीची घेत होती. आता दोन गल्ल्या पलीकडच्या शिष्यालाही तीच वाट धरावी लागली. तालीम या मार्गाने बऱ्यापैकी निभावली, कारण ती मुळातच आळीपाळीची. गुरूचा स्वर अर्ध्या क्षणाने उशिरा पोचला तरी शिष्य तो ऐकून मगच गातो. व्हॉट्सॲपवर रियाजाचे ध्वनिमुद्रण पाठवायचे आणि गुरूने त्यावर बोलून उत्तर द्यायचे, ही पद्धत तर काहींना प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा कडक वाटली. समोर बसल्यावर सुटून जाणारी चूक ध्वनिमुद्रणात पुन्हा पुन्हा ऐकू येते.

साथसंगत मात्र जमली नाही आणि त्याचे कारण साधे गणित आहे. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला, तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. व्हिडिओ कॉलवर आवाज एका बाजूने जायलाच सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक लागतो, परतीचा प्रवास वेगळाच. म्हणजे तबलजीच्या कानी गायकाचा प्रतिसाद येईपर्यंत जवळजवळ मात्रा उलटते. दोघेही एकमेकांसाठी थांबू लागतात, लय पडत जाते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठेच एकत्र येत नाही. त्यात गाण्यासाठी न बनवलेली ही साधने अखंड चालणाऱ्या तंबोऱ्याच्या नादाला पंख्याची घरघर समजून दाबून टाकत. 'झूम'वर मूळ आवाज राखण्याची सोय होती, पण ती शोधून सुरू करावी लागे. फुकट वापरणाऱ्यांची सामुदायिक बैठक ४० मिनिटांनी आपोआप तुटे, मग बडा ख्याल रंगात आलेला असो वा नसो.

त्यावर हौशी कलावंतांनी सगळीकडे एकच तोड काढली. तबलजीने ठेका आधी ध्वनिमुद्रित करायचा, गायकाने कानाला हेडफोन लावून त्यावर गायचे, पेटीवाल्याने त्या दोन्हींवर वाजवायचे आणि शेवटी सगळे जोडायचे. ऐकणाऱ्याला हे साथसंगतीसारखे भासे, पण तबलजीला गायकाकडे बघून हात आवरता येत नसे. साथसंगतसुद्धा आळीपाळीची करून टाकलेली ती तडजोड होती. नाटकवाल्यांचे थोडे बरे, कारण संवाद एकापाठोपाठच बोलतात. हृषीकेश जोशी यांनी २०२० मध्ये 'नेटक' या नावाखाली 'मोगरा' हे मराठी नाटक आणले, त्यात अभिनेत्री आपापल्या घरून थेट प्रयोग करत. हौशी संघांना अशी तांत्रिक जुळवाजुळव परवडणारी नव्हती. त्यांच्याकडे अभिवाचन चालले. नेपथ्य, हालचाल, प्रकाश यांपैकी कशाचीच गरज नसलेला हा प्रकार तेव्हा खूप वाढला.

या दूरस्थ कार्यक्रमांचा एक अनपेक्षित लाभ गाव सोडून गेलेल्यांना झाला. शिक्षण आणि नोकरीसाठी ग्वाल्हेरची मराठी मुले पुणे, बंगळूर आणि त्यापलीकडे पांगलेली होती. घरगुती कार्यक्रम पडद्यावर आल्यावर पांगलेल्यांना वर्षानुवर्षे हुकलेल्या बैठकीला बसता येऊ लागले. तोटा जास्त झाला तो वयस्क श्रोत्यांचा. समेवर मान डोलावून किंवा 'वाहवा' म्हणून गाण्यात भाग घेणारा हा जाणकार वर्ग पडद्यासमोर मुका झाला, कारण सगळ्यांचे आवाज बंद ठेवल्याशिवाय तिथे गाणेच ऐकू येत नसे.

२१ सप्टेंबर २०२० पासून शंभर माणसांच्या मर्यादेत सांस्कृतिक कार्यक्रमांना परवानगी मिळाली. १९२४ पासून चालत आलेला ग्वाल्हेरचा संगीतोत्सव, तानसेन समारोह, त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर निर्बंध पाळून प्रत्यक्ष पार पडला.  एप्रिल २०२१ मध्ये मध्य प्रदेशात 'कोरोना कर्फ्यू' लागल्यावर वर्ग पुन्हा मोबाइलवर गेले. निर्बंध उठल्यावर साथसंगत आणि नाटकाच्या तालमी लगेच खोलीत परतल्या. दूरगावच्या शिष्यांची तालीम आणि ध्वनिमुद्रण पाठवून चूक दाखवून घेण्याची पद्धत मात्र बऱ्याच ठिकाणी तशीच चालू राहिली.