तळटीप १४ : काष्ठठसा, येलदरी

१४. काष्ठठसा : लाकडी फळीवर चित्र कोरून तिच्यावरून कागदावर घेतलेली छाप, चित्रकार तिला ‘वुडकट’ असेही म्हणतात. फळी खोडाच्या लांबीत कापलेली असते. चित्र तिच्यावर उलटे काढतात. कागदावर जो भाग पांढरा राहायला हवा तो पटाशीने व गोल धारेच्या कोरणीने काढून टाकतात. उंच राहिलेल्या भागावर रुळाने शाई फिरवतात, वर कागद ठेवतात आणि दाबयंत्राने किंवा चमच्याच्या पाठीने घासून छाप घेतात. एकरंगी ठशात शाई एकच, काळी. करडी छटा जवळजवळ कोरलेल्या बारीक रेषांनी साधते. म्हणून शेतीच्या अशा चित्रांत नांगरलेली काळी जमीन म्हणजे न कोरलेले लाकूड, आणि सऱ्या, बोंडातला कापूस, बैलाच्या पाठीवरचे ऊन म्हणजे कोरलेली जागा, असे पाहावे. ग्रामजीवनाचे ठसे कोरणाऱ्या भारतीय चित्रकारांत बंगालचे हरेन दास (१९२१–१९९३) अग्रगण्य. चित्तप्रसाद (१९१५–१९७८) यांनी मुंबईत दीर्घकाळ राहून शेतकरी-कष्टकऱ्यांची चित्रे कोरली. त्यांतली बरीचशी लाकडाऐवजी लिनोलियमवर आहेत, त्यांना लिनोकट म्हणतात.

येलदरी : परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील, पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. जिल्ह्याची जमीन मुख्यतः काळी; ज्वारी, कापूस व तूर ही तिथली जुनी पिके. — संपा.