तलवारीला धार लावणारे हात

माझी आठ वर्षांची मुलगी हट्टाला पेटली, "अब्बू, मला सतार घ्या." लोणारच्या आमच्या घरात आजवर कुणी वाद्य हातात धरलेलं नाही. चाचा म्हणाले, "मास्तर, हे आपलं नाही." मी त्यांना मिरजेची हकीकत सांगितली.

मिरजेत सतार-तंबोरे घडवणारे शिकलगार मुसलमान. पिढीजात काम तलवारींना धार लावण्याचं. इंग्रजी अमलात लढाया थांबल्या, हत्यारांची मागणी घटली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांत हात घातला, आणि पुढच्या पिढ्यांनी तेच काम धरलं. त्यासाठी भोपळे येतात पंढरपूर भागातल्या शेतांतून. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. 1937 साली ते वारले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

चाचा गप्प झाले. मग विचारलं, "पण पोरीला पेलेल का?"

प्रश्न रास्त होता. सतारीची दांडी लांब, पडद्यावर तार दाबून कोवळी बोटं दुखतात. म्हणून लहान तंबोरी ठरवली. चार तारा, दाबायचं काही नाही, नुसत्या एकामागून एक छेडायच्या. तेवढ्याने कान 'सा' ओळखू लागतो. सतार हात वाढल्यावर.

तंबोरी आली, तेव्हा पहिली तार चाचांनीच छेडली.