पडदा आणि त्याचा दुभाषा

मांजरीस आमच्या एका कामगार-मित्राच्या घरी युनियनच्या सभासदांची यादी संगणकावर ठेवलेली असते. पगाराच्या दाव्याच्या सुनावणीच्या आदल्या रात्री तो संगणक रुसला. पंखा फिरत होता. पण पडद्यावरील अक्षरे ढोबळ झाली आणि मधूनच सारे काळे पडे. शेजाऱ्यांनी निकाल दिला, ‘ग्राफिक्स कार्ड जळले, नवे आणा.’ तो निकाल तीन आठवड्यांच्या मजुरीचा होता! आमचा अनुभव असा की, काम अडले म्हणजे दोष यंत्राला देतात नाहीतर मजुराला. दोघांमधील करारात काय बदलले, हे कोणी विचारीत नाही.

कार्ड आणि संगणकाची कार्यप्रणाली यांमधील या कराराला ड्रायव्हर म्हणतात. तो प्रोग्रॅम म्हणजे दुभाषाच होय. तो का लागला, हे समजण्यास पुण्यातील एक हकिकत उपयोगी पडते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला, तेव्हा रोमन अक्षरांचे साचे कार्डातच पक्के बसविलेले होते. काना, वेलांटी, जोडाक्षरे यांना तेथे थारा नव्हता. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे व त्यांचे सहकारी या अडचणीशी झगडले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम इकडे आले व जिस्ट कार्ड तयार झाले. ते संगणकात खोचले की, इंग्रजीकरिता लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅमातही मराठी उमटे. परक्याच्या घरात आपली भाषा शिरली ती अशी, एका जादा पाटीवर बसून!

पुढे विंडोज आले आणि अक्षर हे चित्र बनले. प्रोग्रॅमने ‘हे रेखाट’ एवढेच म्हणावयाचे. ते त्या त्या कार्डाच्या बोलीत सांगणे ड्रायव्हरचे काम. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय कार्यप्रणालीतच आली. मराठीपुरते वेगळे कार्ड लागेना, पण दुभाष्यावरचा भार वाढला. २००७ च्या व्हिस्टापासून तर असा बंदोबस्त झाला की, कार्ड दोन सेकंद निरुत्तर राहिल्यास कार्यप्रणाली ड्रायव्हरला नव्याने उभे करते. तरीही २००८ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या कागदांप्रमाणे, २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदलेल्या कोसळण्यांपैकी सुमारे २९ टक्के एका एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे होत्या. घरोघरी मात्र बोलणी पोरांनीच खाल्ली असतील.

मांजरीस आम्ही संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला. त्यात कंपनीचा ड्रायव्हर बाजूस राहतो व एक साधा ड्रायव्हर वेळ निभावतो. पडदा तासभर स्थिर राहिला. तेथेही रेघोट्या उठत्या, तर केबलवर किंवा कार्डावर संशय घेणे रास्त होते. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ड्रायव्हरची तारीख पाहिली, तो दोनच दिवसांपूर्वी आपोआप बदललेला! ‘रोल बॅक’ करून जुना परत आणला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि अक्षरे पूर्ववत झाली.

पहाटे यादी छापून आम्ही निघालो. सुनावणीस मात्र पुढची तारीख पडली.