वही कोणाच्या हातात? गहाणखतापासून घराच्या हप्त्यापर्यंत



आपल्या गटांमधल्या कितीतरी तरुण जोडप्यांनी गेल्या काही वर्षांत बँकेचं कर्ज काढून घर घेतलंय. कोणी तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, कोणी गावातच स्लॅब टाकला. ‘हप्ता किती?’ असं विचारलं, की उत्तर पटकन मिळतं. ‘मुद्दल किती उरलं?’ असं विचारलं, की बायको नवऱ्याकडे बघते आणि नवरा म्हणतो, ‘ते बँकेत कळेल.’ कर्ज आपलं आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. तिने एकेकाळी किती घरं बुडवली आणि त्यातून आपण काय मिळवलं, ते आज आपण पाहू.

दीडशे वर्षं मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुपे हे बाजाराचं गाव. १२ मे १८७५ रोजी तिथे आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी धान्य लुटलं, काही घरं पेटवली. पण त्यांना सगळ्यात आधी हव्या होत्या त्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे. ते कागद त्यांनी जाळले. हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कागदावर एवढा राग का? त्याआधीची काही वर्षं बघा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मात्र उभंच राहिलं. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सारा रोखीत भरायचा, म्हणून पुन्हा सावकाराचं दार.

त्यात भर पडली एका कायद्याची. १८५९ साली सरकारने ठरवलं, की कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा हेतू. घडलं उलटंच. तीन वर्षं झाली, की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करायचं, ते नवं मुद्दल धरायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याने अंगठा उठवायचा. लिहिलंय काय ते त्याला वाचता येत नसे. पैसे भरले तरी पावती मिळेलच असं नाही. जमीन गहाण होती हे त्याला कळत होतं. ती किती रुपयांना गहाण आहे, हे मात्र फक्त सावकाराची वही जाणत होती.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली आला आणि पुढच्याच वर्षी, १८७९ साली, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यातल्या तीन गोष्टी आम्हाला आजही महत्त्वाच्या वाटतात. पैसे भरणाऱ्याला लेखी पावती मागण्याचा हक्क मिळाला. वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचा हक्क मिळाला. आणि कर्जदाराच्या हातात राहील अशा पासबुकात हिशेब लिहून मागण्याचा हक्क मिळाला. शिवाय नुसत्या रोख्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता, ते तपासायची मोकळीक कोर्टाला मिळाली. या कायद्याने सावकारी संपली नाही. पण वही कर्जदारालाही दिसली पाहिजे, हे पहिल्यांदा कायद्यात लिहिलं गेलं.

आता आणखी जुना एक शब्द. दामदुप्पट. आपल्या आजीला तो माहीत असतो. जुन्या हिंदू कायद्यातला आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही मानलेला नियम असा, की एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील, तर व्याज धरून दोनशेच्या वर मागणी नाही. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

मग घरासाठी कर्ज हे प्रकरण कधी सुरू झालं? १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. एकट्याला न पेलणारं घर दहाजणांनी मिळून पेलायचं, हा विचार रुजू लागला. तरीही साध्या पगारदाराला घरासाठी लांब मुदतीचं कर्ज मिळणं कठीणच होतं. माणूस आयुष्यभर भाड्याने राहायचा आणि निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून घर बांधायचा. घर झालं तेव्हा मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली असायची.

हे बदलायला हसमुख पारेख यांचा मोठा हातभार लागला. त्यांनी १९७७ साली, स्वतः निवृत्तीचं वय उलटल्यावर, मुंबईत एचडीएफसी ही फक्त घरासाठी कर्ज देणारी संस्था काढली. तिचं पहिलं कर्ज १९७८ सालचं, ३०,००० रुपयांचं. विचार साधा होता. तरुण माणसाच्या हातात आज पैसा नाही, पण पुढची पंधरा-वीस वर्षं पगार येणार आहे. मग घर आज द्या आणि पैसे महिन्याच्या हप्त्याने घ्या. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली. हळूहळू सगळ्याच बँका या धंद्यात उतरल्या. आज पंचविशी-तिशीतलं जोडपं घर घेऊ शकतं, ते या व्यवस्थेमुळे. हे मोठंच सुख आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण हिशेब बघायचा. समजा, एका जोडप्याने १० लाखांचं कर्ज काढलं. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे ९,००० रुपये. पहिल्या महिन्याच्या ९,००० मधले ७,५०० व्याजात जातात आणि मुद्दलाला मिळतात फक्त १,५००. पाच वर्षं न चुकता भरलं, म्हणजे ५ लाख ४० हजार गेले. मुद्दल किती उतरलं? १ लाख १३ हजार. वीस वर्षांत एकूण जातात २१ लाख ५९ हजार. म्हणजे व्याज ११ लाख ५९ हजार, मुद्दलाहून जास्त.

जुना दामदुप्पट नियम थकबाकीसाठी होता. बँकेच्या वीस वर्षांच्या हप्त्यांविरुद्ध तो दाखवून भांडता येणार नाही. पण घरातली मोजपट्टी म्हणून तो वापरायला कोण अडवतंय? नवरा-बायकोने ठरवावं, की आपल्या घराचं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही.

ते जमतं का? जमतं. याच कर्जावर महिन्याला ७५० रुपये जादा भरले, म्हणजे रोजचे पंचवीस, तर वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत फिटतं. व्याज होतं ९ लाख १४ हजारांच्या आसपास. मुद्दलाच्या आत! जवळपास अडीच लाख रुपये वाचले. बदलत्या दराच्या गृहकर्जात असे जादा पैसे भरले म्हणून बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद केला आहे. फक्त बँकेला लेखी सांगायचं, ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.’

उलटं काय होतं, तेही ऐका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बदलत्या दराची कर्जं महागली. अनेकांचा हप्ता तोच राहिला, म्हणून ते निश्चिंत राहिले. पण हप्ता तोच राहतो, तेव्हा मुदत वाढते. आपल्या उदाहरणात सुरुवातीलाच दर ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही, तर वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांच्या पुढे जातं. सहा वर्षं वाढली आणि घरात कोणाला पत्ताही नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला न विचारता वाढलेल्या आकड्याची इथे आठवण येते.

फरक एवढाच, की आज कायदा आपल्या बाजूने थोडा जास्त बोलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते बँकेने कर्जदाराला कळवावं. हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्यावं. दर तीन महिन्यांनी हिशेबाचा कागद द्यावा. १ डिसेंबर २०२३ पासून आणखी एक नियम आहे. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १८७५ साली कागद जाळावे लागले. आज ते मागून घेता येतात. पण मागावे लागतात.

आता घरखर्चाबद्दल. गटाच्या वहीचे जे नियम, तेच घराच्या वहीला लावा. पगार आणि शिलाईचे किंवा दुधाचे पैसे एका पानावर लिहा, दोघांनी मिळून. आधी हप्ता, मग किराणा, दूध, गॅस, शाळा, औषध. सण आणि लग्नकार्य वर्षातून येतात, त्यांचा बारावा भाग दर महिन्याला बाजूला ठेवा. तीन हप्त्यांएवढी रक्कम, आपल्या उदाहरणात २७,०००, बचत खात्यात वेगळी राहू द्या. कारण तीन महिने हप्ता थकला, की कर्ज बुडीताच्या खात्यात धरलं जातं. त्यानंतर २००२ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. कोर्टात दावा जिंकण्याची वाटही बँकेला बघावी लागत नाही.

आणि एक सांगून ठेवतो. घराचा हप्ता भरायला गटाचं कर्ज काढू नका. गटाचं व्याज महिन्याला २ टक्के असेल, तर वर्षाचे २४ झाले. ९ टक्क्यांचं कर्ज २४ टक्क्यांच्या पैशाने फेडायचं नसतं. जादा पैसे आले तर आधी हे महाग कर्ज मोकळं करा, मग घराचं.

शेवटचा मुद्दा नावाचा. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतरच्या काळात शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ चालवली आणि पुरुषांना सांगितलं, की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा. २००३ साली राज्य सरकारने ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायला सांगितलं. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावं, ही अट आली. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावे घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

इतकं असूनही आम्हाला अशी घरं दिसतात, जिथे बाईची सही कर्जाच्या कागदावर आहे आणि खरेदीखतावर नाही. ती सहकर्जदार आहे, सहमालक नाही. उद्या काही बरंवाईट झालं, नवरा-बायकोचं फाटलं, तर फेडायची जबाबदारी तिच्यावर आणि घरावर हक्क सांगायला कागद नाही. फेडताना दोघं आणि मालक एकटा, हा कुठला न्याय? हे भांडायला सांगत नाही. कर्ज घ्यायच्या आधी एका संध्याकाळी बसून बोलायला सांगतो. नंतर नाव लावायचं म्हटलं, तर बँकेची परवानगी आणि पुन्हा नोंदणीचा खर्च येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्यात दोघांनी मिळून बँकेत जा. हिशेबाचा कागद मागा. त्यावर चार आकडे शोधा : उरलेलं मुद्दल, आजचा दर, उरलेले हप्ते आणि आजवर गेलेलं व्याज. घराच्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहा आणि दर तीन महिन्यांनी नवे आकडे खाली उतरवा. मग खरेदीखत उघडा आणि मालकांची नावं वाचा. कोणाला आकडा समजला नाही, तर गटाच्या बैठकीला कागद घेऊन या. सगळ्याजणी मिळून वाचू.